वाटी बसत नाही

सरांच्या गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा होता आणि कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, नाकाशी एक लोखंडी वाटी. वाटी गोळ्यावर टेकवायची, नाक खाली दाबलं गेलं की खट् असा आवाज येतो, आवाज आला की निघायचं. मेहुण्याने हे असं सांगितलं होतं, जसं काही डब्याला झाकण लावायचंय. मेहुणा तसा मोठ्या मनाचा माणूस. कॅराव्हॅन त्याचीच, ती त्याने स्वतः दारात आणून सोडली. जाण्याआधी सरांच्या गाडीला एकदा लावून दाखवली, एकदा काढून दाखवली, आणि विचारलं, "भाऊजी, कळलं ना?" सर म्हणाले, "कळलं." हा शब्द सरांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकला होता आणि त्यावर एकदाही विश्वास ठेवला नव्हता.

सर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. अंगाने काटकुळे, आवाजाने खणखणीत. त्यांचा साध्या यंत्रांचा धडा गाजलेला होता. वर्गात एक फळी आणायचे, मधे विटेचा टेकू द्यायचे, एका टोकाला वर्गातला सगळ्यात जाडा मुलगा आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यात बारका बसवायचे, आणि टेकू सरकवून बारक्याकडून जाड्याला उचलवून दाखवायचे. तरफ म्हणजे काय हे त्यांच्या हाताखालून गेलेला कुठलाही माणूस झोपेतसुद्धा सांगेल. एवढं इथे सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

कॅराव्हॅन हवी होती ती आईसाठी. आईला मावशीकडे जायचं होतं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, राहायला लांब, डोंगराच्या पलीकडे. दोघींची वर्षानुवर्षं गाठ नाही, कारण आईला दर थोड्या वेळाने 'जाऊन यावं' लागतं, आणि मागे एकदा ती जाऊन येईपर्यंत बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला होता. आई परत येऊन मुकाट्याने जागेवर बसली आणि त्यानंतर कुठल्याही वाहनात चढली नाही. आता मावशीचे डोळे जात चालले होते. मधलं सगळं धूसर, कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि तेही किती दिवस ते डॉक्टर सांगेनात. तिने फोनवर म्हटलं, "ताई, एकदा तोंड दाखवून जा गं. मग काय, नुसता आवाजच ऐकायचाय." आईने फोन ठेवला आणि रात्री जेवली नाही. कॅराव्हॅनमध्ये झोपायला पलंग, बसायला सोफा, चहाला शेगडी आणि मुख्य म्हणजे कडी लावून घेता येईल असा स्वतःचा संडास होता. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, आईने मागच्या आपल्या खोलीत जाऊन यायचं, हॉर्न वाजवणारं कोणी नाही. सरांना वाटलं, झालं काम.

पण वाटी काही बसेना.

पहिल्यांदा गाडी मागे घेतानाच सरांच्या नाकी नऊ आले. गोळा वाटीच्या बरोबर खाली यायला हवा, आणि सरांना मागचं काही दिसत नव्हतं. इमारतीतली मंडळी मदतीला धावली. खालच्या काकू म्हणाल्या डावीकडे घ्या, सोसायटीचे चेअरमन म्हणाले उजवीकडे, आणि दोघांनाही आपापली डावी-उजवी म्हणायची होती की सरांची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. खालच्या काकू म्हणजे तळमजल्यावर राहणाऱ्या. त्यांच्या खिडकीला पडदा नाही, आणि त्यांना न कळता या इमारतीत पोस्टमनसुद्धा येऊ शकत नाही. सर काचेतून मान बाहेर काढून म्हणाले की इथली जमीनच उतरती आहे. बायको गॅलरीतून म्हणाली, "हो, नाचता येईना अंगण वाकडं." हे चार लोकांत बोलायची गरज नव्हती, असं सरांना वाटलं आणि त्यांनी ते नंतर जेवताना बोलूनही दाखवलं.

शेवटी गोळा वाटीखाली आला. सरांनी नाकाखालच्या छोट्या चाकाचं हँडल फिरवून नाक खाली आणलं, वाटीवरची मूठ दाबली, लाथ मारली, मेहुण्याला फोन केला. मेहुणा म्हणाला, "लागते हो, माझी नेहमी लागते." या उत्तराचा कोणालाही कधी काही उपयोग झालेला नाही.

त्यातच सोसायटीच्या कमिटीला प्रश्न पडला की ही कॅराव्हॅन वाहन आहे की खोली. वाहन असेल तर ते पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये फार दिवस उभं राहता कामा नये. खोली असेल तर ती परवानगीशिवाय बांधलेली आहे. चेअरमन स्वभावाने वाईट नव्हते, पण नियम दिसला की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांनी कॅराव्हॅनच्या दारावर नोटीस चिकटवली आणि सरांना खाली बोलावून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, ती मोठ्याने वाचूनही दाखवली. सर म्हणाले, खोलीला चाकं असतात का? चेअरमन म्हणाले, वाहन जागचं हलतं, ही हलते का?

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं मग वाहन खात्याचं काम निघालं. गाडीला मागे काही जोडून रस्त्यावर न्यायचं तर तपासणीचा शिक्का लागतो. खिडकीतले कारकून म्हणाले, गाडी आणि कॅराव्हॅन जोडून इथे आणा, बघतो, मग शिक्का देतो. सरांनी विचारलं, शिक्क्याशिवाय जोडून रस्त्यावर आणता येईल का? कारकून म्हणाले, अजिबात नाही, दंड होईल. सरांनी हेच दोन प्रश्न उलटसुलट करून पुन्हा विचारले, हुशार मुलाला त्याची चूक त्याचीच त्याला सापडावी म्हणून विचारतात तसे. कारकुनांना ती सापडली नाही. तेव्हा सरांनी खरं काय ते सांगून टाकलं, मावशीचे डोळे, बसचा हॉर्न, संडास, सगळं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. कारकून हळूच म्हणाले, "माझ्या आईलाही प्रवासात तोच त्रास होता हो." आणि उठून, कपाट उघडून, साहेबांकडे स्वतः जाऊन, शिक्का मारून घेऊन आले. सर बाहेर पडले तरी त्यांना आभार मानायला शब्द सापडत नव्हता. परत आत गेले आणि नुसतेच नमस्कार करून आले.

पण शिक्का मिळाला म्हणून वाटी बसते थोडीच? गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने वाटीत बोट घातलं आणि आतून वाळकी माती काढली. मेहुण्याच्या अंगणात कॅराव्हॅन वर्षभर उभी होती, तेवढ्यात एका कुंभारमाशीने वाटीच्या आत मातीचं घर बांधलं होतं. येताना आणि दाखवताना मेहुण्याने जोराने दाबून वाटी लावली होती, आणि त्यात तो थर सुटून आत आडवा घट्ट बसला होता. गॅरेजवाल्याने ती माती खरवडली, ग्रीस लावलं, नाक खाली आणलं. खट्. सरांनी तो आवाज पुन्हा करायला लावला. पुन्हा खट्. आई गॅलरीत उभी होती, तिने वरूनच हात जोडले.

आता इथे खरं तर गोष्ट संपायची. पण चेअरमन म्हणाले, दोन्ही जोडून ठेवलं तर येण्याजाण्याची वाट अडते, रात्रीपुरतं सोडवून ठेवा. आणि सर नियम पाळणारे, त्यांनी सोडवलं.

निघायच्या दिवशी बायकोने सगळं सामान मागच्या पलंगाखाली लावून टाकलं, पुढे सोफ्याशी पाय मोकळे राहावेत म्हणून. आईने आपलं शिलाई मशीन घेतलं होतं. हातमशीन, पण जुनं, बिडाचं, उचलताना कंबर बोलते असं. दोघी बहिणी त्याच्यावरच शिवण शिकल्या होत्या. बायको म्हणाली, अहो आई, मावशींना दिसत नाही, मशीन काय करायचंय? आई म्हणाली, "ऐकू येतं ना." मशीन पलंगाच्या मागच्या टोकाशी ठेवलं गेलं, आणि त्याच्या शेजारी, मागच्या खिडकीशी, आई बसली. गाडी जोडून होईपर्यंत तिला तिथे बसायचं होतं, कारण तिथून इमारत दिसत होती आणि इमारतीला ती.

सरांनी गाडी मागे घेतली. सरावाने आता ती बरोबर वाटीखाली यायला लागली होती, याची नोंद कोणीच घेतली नाही. त्यांनी नाक खाली आणलं. वाटी गोळ्याला टेकली आणि तिथेच थांबली. बसेना.

मंडळी जमली. कोणी उशी आणली, कोणी रजई, कोणी पाण्याच्या बाटल्यांचा खोका, आणि जो तो ते घेऊन मागे आईला भेटायला आत शिरला. आई सगळ्यांना पलंगावर बसवून घेत होती. बाहेर सर वाकून वाटीशी झटत होते. शेवटी त्यांनी ठरवलं की वजनच द्यायचं, आणि ते स्वतः कॅराव्हॅनच्या नाकावर चढून बसले. नाक लवलं. वाटी खाली, आणखी खाली जायला लागली. एवढ्यात खालच्या काकू, ज्यांना इमारतीत कोणी काटकुळं म्हटलेलं नाही, मागे आईचा निरोप घ्यायला आत गेल्या. सर बसल्या जागी हळूहळू वर गेले. त्यांना वाटलं, वाटीतली स्प्रिंग उसळली.

तिसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर तोवर खाली आले होते. ते सरांचेच विद्यार्थी. त्यांनी वाटीच्या आत बोट फिरवलं, जबडा तपासावा तसं, आणि म्हणाले, "सर, तुम्हीच शिकवलं होतं. गोळा आणि कडं. उष्णतेने धातू प्रसरण पावतो." सरांचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी, इतक्या लोकांसमोर. वाटी तापवायची म्हणजे ती पसरेल, आणि गोळा थंड करायचा म्हणजे तो आक्रसेल. घराघरातून बर्फ आला, किटल्या आल्या. सरांनी वरून उकळतं पाणी ओतलं, डॉक्टरांनी खालून गोळ्याला बर्फ धरला. उकळत्या पाण्याने बर्फ वितळला, बर्फाच्या पाण्याने वाटी गार झाली, आणि राहिलेलं सगळं सरांच्या विजारीवर सांडलं. प्रयोग म्हणून तो अगदी पूर्ण झाला. चेअरमननी हातोडा आणला होता, पण तो कोणाच्या हातात द्यायचा यावर एकमत होईना, म्हणून तेही आत आईला भेटायला गेले. थोड्या वेळाने डॉक्टरही गेले.

सर एकटेच ओल्या विजारीने नाकाशी उभे राहिले. चार लोकांत शोभा झाली याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. त्यांना मावशीचं 'मग काय, नुसता आवाजच' आठवत होतं. मेहुणा गावाला गेला होता, गॅरेजवाला फोन उचलत नव्हता, आणि आईचा चेहरा मागच्या खिडकीत दिसत होता. सकाळी तिने घडी मोडून नवी साडी नेसली होती.

आईने खिडकी सरकवली. "राहू दे रे," ती म्हणाली. "किती झटशील. मी फोनवर बोलते तिच्याशी."

सर म्हणाले, "आई, जरा थांब." पण आवाज खणखणीत निघाला नाही.

फोनला रेंज फक्त पुढच्या खिडकीशी येत होती. आई उठली. कपाटाला धरत, शेगडीला धरत, पावलापावलाने ती पुढच्या सोफ्याशी आली. उठताना तिने सांगितलं की मशीन आता वर न्या, तेव्हा चेअरमन आणि डॉक्टर ते दोन बाजूंनी उचलून तिच्या मागे निघाले, कारण दारही पुढेच होतं. खालच्या काकूंनी आईचा दंड धरला होता. बाकीच्या मंडळींनी काही धरलं नव्हतं, पण दोन बहिणी फोनवर काय बोलतात ते ऐकल्याशिवाय राहणं त्यांना शक्यच नव्हतं. तेव्हा पलंगावरची सगळी इमारत उठली आणि दबक्या पावलांनी पुढे येऊन सोफ्याभोवती दाटीवाटीने उभी राहिली. मशीन उचलणाऱ्यांनाही ऐकायचं होतं. त्यांनी ते सोफ्याच्या कडेला टेकवलं.

"धाकटे," आई फोनमध्ये म्हणाली, "ऐक गं. माझं काही येणं होत नाही..."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी तशी त्याच क्षणी वाटी गोळ्यावर गेली.

खट्.

बाहेर सर वाटीकडे बघत राहिले. त्यांनी मूठ ओढून पाहिली, हलेना. लाथ मारली, हलेना. मग त्यांनी मान वर करून पुढच्या खिडकीतून आत पाहिलं. पुढे आई, काकू, चेअरमन, डॉक्टर, बिडाचं मशीन आणि उरलेली सगळी इमारत. मागे रिकामा पलंग. आणि मधे, बरोबर मधे, दोन चाकं. फळी, टेकू, जाडा आणि बारका. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेत नव्हता, सर त्याच्यावर स्वार झाले होते आणि त्याने त्यांना उचलून दाखवलं होतं.

दाताच्या डॉक्टरांनीही ते पाहिलं. ते काचेपाशी वाकून, वर्गात शेजारच्याला सांगावं तसं, अगदी हळू म्हणाले, "सर, टेकू."

"हो रे," सर म्हणाले. "कळलं."

आई अजून फोन कानाला लावून होती. सरांनी तिला काचेतूनच मान हलवून सांगितलं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ओल्या विजारीकडे, आणि फोनमध्ये म्हणाली, "धाकटे, डोळ्यांत औषध घालून ठेव. मी निघाले."

मशीन आता पुढेच राहिलं, उशा पुढे आल्या, पाण्याचा खोका पुढे आला. चेअरमननी नोटीस स्वतःच्या नखाने खरवडून काढली, आणि सरांची गाडी निघताना रस्त्यात मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंची वाहनं अडवली. तसा कोणताही नियम नव्हता. खालच्या काकू डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता कोण कोण रडतंय ते बघत होत्या. इतकी वर्षं सरांना या लोकांच्या चौकशा नकोशा व्हायच्या. भीक नको पण कुत्रं आवर, असं ते कितीदा घरात म्हणाले होते. त्या दिवशी आरशात सगळी लहान लहान होत जाताना त्यांना वाटलं, ही माणसं भोचक नसती तर आईने आज फोन ठेवून साडी बदलली असती. कान टवकारून पुढे सरकली म्हणूनच तर वाटी बसली.

रस्त्यात आईला वाटेल तेव्हा सर थांबले. ती मागे आपल्या खोलीत जायची, कडी लावायची, सावकाश यायची. एकदा मागचा कोणी तरी ट्रकवाला हॉर्न वाजवून गेला. आई गाडीत बसता बसता म्हणाली, "वाजवू दे. त्याच्याकडे आहे का?"

मावशी फाटकात उभी होती. तिला किती वेळ झाला होता उभी राहून, कोण जाणे. आई उतरली, चालत तिच्यासमोर गेली. मावशी मात्र तिच्याकडे बघेना. ती आईच्या खांद्यापलीकडे, भिंतीकडे बघत राहिली. उशीर झाला, असं सरांना वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की मधलं दिसत नाही तिला, कडेचं दिसतं. ताईला नीट बघायचं म्हणून ती भिंतीकडे बघत होती.

"किती म्हातारी झालीस गं," मावशी म्हणाली.

"दिसते का तुला?" आईने विचारलं.

"दिसतेस. नवी साडी आहे."

मग दोघी हाताला धरून कॅराव्हॅनमध्ये शिरल्या. आईला आपली खोली दाखवायची होती. पलंग दाखवला, शेगडी दाखवली, कडी तर दोनदा दाखवली. शेवटी दोघी पुढच्या सोफ्यावर मशीनशी बसल्या.

संध्याकाळ व्हायला लागली. गाडी आत घ्यायची होती, कॅराव्हॅन फाटकातून जाणार नव्हती, तेव्हा ती सोडवून बाहेरच ठेवायला हवी होती. सरांनी मूठ ओढली. हलेना. नाकाखालचं हँडल फिरवून पाहिलं, नाक उचलेना. बायको मागे येऊन उभी राहिली. या वेळी ती म्हणींच्या भानगडीत पडली नाही.

"निघत नाही का हो?"

"निघेल की. नाकावर भार आहे नुसता." सरांनी खिडकीकडे बोट केलं. आत दोन पांढरी डोकी एकमेकींना टेकली होती. "त्या दोघी उठून मागे पलंगावर बसल्या की लगेच निघेल."

"मग सांगू उठायला?"

आतून मशीनचा आवाज यायला लागला. दोरा नव्हता, कापड नव्हतं, नुसतंच चाक फिरत होतं. कधी एकीचा हात असेल, कधी दुसरीचा. सरांनी मूठ सोडली, हाताला लागलेलं ग्रीस वाळलेल्या विजारीला पुसलं आणि फाटकाच्या पायरीवर बसले.

"नको," ते म्हणाले. "बसू दे."